जादूचे पहिले पुस्तक कोणते घ्यावे?

एका वाचकाचा प्रश्न असा आहे: “मी पंचवीस वर्षांचा असून शाहूपुरीतील एका औषधांच्या दुकानात काम करतो. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून पत्त्यांच्या पाच-सहा आणि नाण्यांच्या दोन जादू शिकलो, पण मित्रांसमोर करायला गेलो की निम्म्या वेळा पकडला जातो. आता पुस्तकातून रीतसर शिकावे असे वाटते. दीड हजार रुपयांपर्यंत खर्च करू शकतो. इंग्रजी सावकाश वाचता येते. कोणती पुस्तके घ्यावीत, कोणत्या क्रमाने, आणि मराठीतील पुस्तके चालतील का?”

तुमच्या पत्रातील ‘निम्म्या वेळा पकडला जातो’ हे शब्द मी दोनदा वाचले, कारण पुस्तक कोणते घ्यावे याचे निम्मे उत्तर त्यांतच आहे. सात-आठ जादूंची गुपिते तुमच्याकडे आजच आहेत. तुमची अडचण गुपितांच्या तुटवड्याची असती, तर ‘१०१ जादूचे प्रयोग’ अशा नावाचे कोणतेही पुस्तक चालले असते. परंतु ज्याला आठ जादू नीट जमत नाहीत, त्याच्या हाती आणखी शंभर जादू दिल्या तर तो आणखी शंभर ठिकाणी पकडला जाईल, एवढाच त्याचा परिणाम होतो. गेली सत्तावीस वर्षे मी कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत स्नेहसंमेलने, बारशी, वाढदिवस आणि गणेश मंडळांच्या कार्यक्रमांत जादूचे प्रयोग करतो आणि दर वर्षी चार-दोन मुलांना शिकवतोही. पुस्तक निवडताना मी आता एकच गोष्ट पाहतो: प्रयोग कुठे फसू शकतो, हे लेखकाने लिहिले आहे का? ज्याने तो प्रयोग लोकांपुढे केलेला असतो, त्याच्याकडून ते लिहिले जातेच. ज्याने नुसते दुसऱ्या पुस्तकातून उतरवून घेतलेले असते, त्याला ते ठाऊकच नसते.

हा निकष मला फुकट मिळालेला नाही. तेराव्या वर्षी मी जत्रेतल्या एका स्टॉलवर जादूची एक पातळ पुस्तिका घेतली होती. तीत पाण्यात रुपया विरघळवण्याचा प्रयोग पाच ओळींत दिला होता. रुपयाच्या आकाराची गोल काच रुमालाखाली लपवायची, रुपया रुमालात धरल्याचे भासवून पाण्याने भरलेल्या ग्लासात प्रत्यक्षात ती काच सोडायची, आणि रुमाल काढला की पाण्यात काच दिसत नसल्यामुळे रुपया विरघळून गेल्यासारखा वाटतो. पुस्तिकेतली शेवटची ओळ होती, ‘आता पाणी ओतून ग्लास रिकामा असल्याचे दाखवा.’ मी चष्म्याच्या दुकानातून काच गोल घासून घेतली, आठवडाभर कोणालाही न सांगता ती खिशात बाळगली आणि मंगळवार पेठेत नात्यातल्या एका बारशाला हा प्रयोग केला. रुपया पाण्यात पडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला, रुमाल उचलला, ग्लासात काही नव्हते, बायका-पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मी ऐटीत ग्लास परातीत पालथा केला आणि काच टण्णकन परातीत पडली.

पुढे कितीतरी वर्षांनी मला त्याचे कारण नीट कळले. पाणी ओतताना काच ग्लासाच्या तळाशी टिकून राहते ती मधल्या पाण्याच्या पातळ थरामुळे. त्यासाठी ग्लासाचा तळ आतून सपाट असावा लागतो, काच जवळजवळ त्या तळाच्याच मापाची असावी लागते आणि पाणी सावकाश, एका धारेने ओतावे लागते. आमच्या घरच्या ग्लासाचा तळ आतून फुगीर होता. पुस्तिका लिहिणाऱ्याने हा प्रयोग एकदा जरी करून पाहिला असता, तरी ग्लासाच्या तळाबद्दल लिहिल्यावाचून तो राहिला नसता. त्या दिवशी मी फसलो त्यात माझ्या अननुभवाचा वाटा होताच, पण मोठा वाटा त्या पाच ओळींचा होता.

आता हाच फरक पत्त्यांच्या एका सोप्या प्रयोगावर दाखवतो, म्हणजे दुकानात पुस्तक चाळताना नेमके काय पाहायचे ते लक्षात येईल. प्रेक्षकाने कॅटमधून एक पत्ता घेतला, पाहून परत ठेवला, कॅट काटला, म्हणजे वरचा भाग उचलून उरलेल्या भागाखाली ठेवला, आणि जादूगाराने तो पत्ता ओळखला, हा प्रयोग नवशिक्यांच्या बहुतेक पुस्तकांत असतो. पातळ पुस्तिकेत तो साधारण असा लिहिलेला असतो: ‘सर्वांत खालचा पत्ता गुपचूप पाहून ठेवा. प्रेक्षकाचा पत्ता वर ठेवून कॅट काटा. आता तुम्ही पाहिलेल्या पत्त्याच्या लगेच पुढे येणारा पत्ता प्रेक्षकाचा.’ यातले एकही वाक्य चुकीचे नाही. तरीही एवढ्यावर जो हा प्रयोग करील, तो पकडला जाईल.

कारण प्रश्न उरतात ते सगळे या तीन वाक्यांच्या मधल्या जागेत. खालचा पत्ता गुपचूप पाहायचा म्हणजे नेमका कधी? कॅट हातात उलटा करून डोळे मिचकावत पाहिला, तर समोरच्या शेंबड्या पोरालाही ते कळते. चांगले पुस्तक सांगते की पत्ते पिसून झाल्यावर त्यांच्या कडा सारख्या करण्यासाठी कॅट टेबलावर उभा आपटायचा, त्या वेळी खालचा पत्ता आपोआप आपल्याकडे वळलेला असतो, आणि तो त्या क्षणी सहज नजरेखालून जाऊ द्यायचा. त्यानंतर प्रेक्षकाला पत्ता ओढायला सांगण्यापूर्वी दोन वाक्ये इकडची-तिकडची बोलायची, म्हणजे पाहणे आणि ओढणे यांच्यात अंतर पडते. कॅट किती वेळा काटला तर चालतो? कितीही वेळा, कारण पूर्ण काटण्याने पत्त्यांची गोलाकार साखळी तुटत नाही. पण प्रेक्षकाने कॅट पिसायला घेतला तर साखळी तुटते, आणि आमच्याकडे चार मित्रांत एक तरी असा असतोच की जो ‘आण इकडं, मी पिसतो’ म्हणून कॅट हिसकावून घेतो. तसे होऊ नये म्हणून कॅट टेबलावर ठेवून त्याला ‘इथूनच काटा’ असे बोट दाखवून सांगावे लागते. क्वचित काटता काटता तुमचा ओळखीचा पत्ता अगदी तळाशी जातो. मग प्रेक्षकाचा पत्ता सगळ्यांत वर असतो, आणि वाटायला सुरुवात केल्यावर पहिलाच पत्ता त्याचा निघतो. हा प्रसंग बावन्नात एकदाच येणारा असला तरी तो नेमका पाहुण्यांसमोर येतो.

आणि पत्ता ओळखायचा कसा, हे तर अजून बाकीच आहे. पुस्तिकेच्या वाचकाला तो सापडतो आणि तो ‘हा घ्या तुमचा पत्ता’ म्हणून मोकळा होतो. जाणता लेखक तेथे थांबू देत नाही. तो सांगतो की वरून एकेक पत्ता उघडा करून टाकत जा, तुमचा ओळखीचा पत्ता येईल, त्याच्या पाठोपाठ समजा बदामची सत्ती येईल, ती प्रेक्षकाची, पण चेहऱ्यावर काही न दाखवता पुढे आणखी चार-पाच पत्ते टाका. प्रेक्षक मनातल्या मनात हसत असतो, कारण तुम्ही त्याचा पत्ता ओलांडून पुढे गेलात असे त्याला दिसत असते. मग हातातल्या कॅटमधला पुढचा पत्ता अर्धा ओढून म्हणा, ‘आता मी जो पत्ता उलटणार, तो तुमचाच असणार.’ तो पैज लावायला तयार होतो. तुम्ही हातातला पत्ता सोडून टेबलावरची बदामची सत्ती उचलता आणि पालथी करता. गुपित पुस्तिकेतल्याच तीन वाक्यांचे राहिले, तरी लोकांच्या आठवणीत राहतो तो हा शेवट.

म्हणून पुस्तक हाती घेतल्यावर अनुक्रमणिकेतले प्रयोग मोजू नका. मध्येच एक प्रयोग उघडा आणि तो सबंध वाचा. आरंभी प्रेक्षकाला काय दिसते, हे गुपिताच्या आधी लिहिले आहे का, ते पाहा. गुप्त हालचाल कोणत्या क्षणी करायची आणि त्या क्षणी तुमची नजर कोठे असावी, याबद्दल एक तरी वाक्य आहे का? चित्रे असतील तर ती तुमच्या बाजूने काढलेली आहेत की प्रेक्षकाच्या बाजूने, हे सांगितले आहे का? हे न सांगितल्यामुळे डावा-उजवा हात उलटा शिकलेली मुले माझ्याकडे आली आहेत, आणि शिकवण्यापेक्षा त्यांची चुकीची सवय मोडण्यात जास्त महिने गेले आहेत. शक्य असल्यास ते पान कॅट हातात घेऊनच वाचा. इंटरनेटवर पुस्तक घेत असाल तर नमुन्यादाखल दाखवलेली पाने या कामासाठी पुरतात.

आता नावे सांगतो. तुम्हाला इंग्रजी सावकाश वाचता येते आणि पत्ते, नाणी की दोरी-रुमाल यांपैकी कशाकडे तुमचा कल आहे हे अजून ठरलेले नाही, म्हणून पहिले पुस्तक मी ‘मार्क विल्सन्स कम्प्लीट कोर्स इन मॅजिक’ हेच सुचवीन. मार्क विल्सन हे अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर जादूचे कार्यक्रम करणारे नामांकित जादूगार होते आणि त्यांचे हे पुस्तक १९७५ मध्ये प्रथम निघाले. पत्ते, नाणी, नोटा, दोरी, रुमाल, कप आणि गोळे, मनातले ओळखण्याचे प्रयोग, अशी सगळी दालने त्यात आहेत, आणि मुख्य म्हणजे जवळजवळ प्रत्येक हालचालीला चित्र आहे. ज्याचे इंग्रजी अडखळते, तो चित्रांचा आधार घेत पुढे सरकू शकतो. ते जाडजूड आहे, पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे ते पुस्तक नव्हे. दोरीचा एक, नाण्याचा एक आणि पत्त्यांचे दोन, असे चार प्रयोग निवडून तीन महिने त्यांतच राहावे.

दुसरे पुस्तक जीन ह्यूगार्ड आणि फ्रेडरिक ब्राउ यांचे ‘द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक’. पत्त्यांकडे मन ओढत असेल तर याला पर्याय शोधण्यात वेळ घालवू नये. या पुस्तकाची बांधणी मला आपल्या तालमीसारखी वाटते. तालमीत वस्ताद पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही, आधी कुस्तीच्या मातीचा हौदा उकरायला लावतो, आणि त्या उकरण्यातच पुढच्या डावांना लागणारे खांदे तयार होतात. या पुस्तकातही पहिले प्रकरण नुसते पत्ते हातात पिसण्याचे आहे. एक तंत्र शिकवायचे आणि लगेच फक्त त्याच तंत्रावर चालणारे काही प्रयोग द्यायचे, पुढच्या प्रकरणात दुसरे तंत्र, त्याचे प्रयोग, अशी त्याची रीत आहे. त्यामुळे पहिल्या प्रकरणानंतरही तुमच्याकडे लोकांना दाखवण्याजोगे काहीतरी असते. मात्र प्रकरणे ओलांडून पुढच्या चमकदार तंत्रांवर उडी मारण्याचा मोह फार होतो, आणि बहुतेकांचे हे पुस्तक तेथेच मिटते.

या पुस्तकाबाबत कोल्हापुरातल्या वाचकाला एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती परदेशी लेखक सांगू शकत नाही. आपल्याकडे कट्ट्यावर किंवा गणपतीत जागरणाला मंडळी पत्ते ज्या पद्धतीने पिसतात, म्हणजे कॅट टोकाकडून धरून वरचे पत्ते थोडे थोडे दुसऱ्या हातात पाडत जायचे, त्याला पाश्चात्त्य जादूगार ‘हिंदू शफल’ म्हणतात आणि या पुस्तकात ते बरेच नंतर येते. त्यांच्या दृष्टीने ते वेगळे, शिकून घ्यायचे तंत्र आहे. तुमचे हात मात्र शाळेपासून तेच करत आले आहेत. पत्त्यांच्या जादूत हात रोजच्यासारखे चालतात असे दिसणे फार मोलाचे असते. ज्या गोष्टीला लोक रोज पाहतात तिच्याकडे ते निरखून पाहत नाहीत. त्यामुळे पुस्तकातले पहिले पिसणे अवश्य शिका, पण हिंदू शफलचे प्रकरण आपल्या हौसेने लवकर उघडलेत तरी चालेल. क्रम मोडण्याची ही एवढीच सवलत मी माझ्या विद्यार्थ्यांना देतो. टेबलावर दोन गड्ड्या एकमेकींत फरफर करून मिसळण्याचे तंत्र मात्र आपल्याकडच्या गुळगुळीत प्लास्टिकच्या पत्त्यांवर नीट बसत नाही आणि ते करताना माणूस जुगारी वाटतो, हे मी स्वतः एका साखरपुड्यात मुलीच्या आजोबांच्या चेहऱ्यावर पाहिले आहे.

हातचलाखी न लागणारे प्रयोग हवे असतील, तर कार्ल फुल्व्ज यांचे ‘सेल्फ-वर्किंग कार्ड ट्रिक्स’ हे १९७६ चे छोटे पुस्तक आहे. त्यात बहात्तर प्रयोग आहेत आणि ते पत्त्यांची मांडणी आणि मोजणी यांवर आपोआप चालतात. तुमच्यासारख्या पकडले जाण्याची भीती बसलेल्या माणसाला ते धीर देते, कारण बोटे अडखळली तरी प्रयोग फसत नाही. त्याचा तोटा असा की पुष्कळ प्रयोगांत पत्ते वाटत बसावे लागते, आणि वाटण्याच्या त्या वेळात बोलायला काही नसेल तर समोरचा माणूस मोबाइल काढतो.

नाण्यांसाठी सगळे जण जे. बी. बोबो यांचे १९५२ चे ‘मॉडर्न कॉइन मॅजिक’ सांगतात आणि ते योग्यच आहे, पण आत्ता घेऊ नका. पाश्चात्त्य नाण्यांची जादू बव्हंशी अमेरिकेच्या अर्ध्या डॉलरवर बेतलेली असते, ज्याचा व्यास ३०.६ मिलिमीटर आहे. आपला आजचा रुपया २० ते २२ मिलिमीटरचा, दहाचे नाणे २७ मिलिमीटरचे. तळहातात नाणे दडवून ठेवायचे तर त्याच्या कडा अंगठ्याखालचा फुगवटा आणि समोरची बाजू यांत अडकाव्या लागतात, आणि मोठ्या हाताच्या माणसाला रुपया तेथे पोहोचतच नाही. मग तो समजतो की आपल्यालाच जमत नाही. दहाच्या नाण्यावर सराव करा, बोटे छोटी असतील तर तेच पुरे होते. गंमत अशी की ब्रिटिश अमदानीतला चांदीचा रुपया, एक तोळा वजनाचा, जो अजून कित्येक घरांत लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो, तो व्यासाने आणि वजनाने जवळजवळ अर्ध्या डॉलरएवढाच आहे. आजीची परवानगी मिळाली तर सरावासाठी याहून चांगले नाणे नाही. परवानगीशिवाय घेऊ नका, कारण ते हातून निसटून मोरीत जाण्याचा संभव फार असतो.

काही पुस्तके थोर असूनही नवशिक्याने टाळावीत अशी आहेत. १९०२ मध्ये एस. डब्ल्यू. अर्डनेस या नावाने निघालेले ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ त्यांत अग्रभागी आहे. लेखकाचे खरे नाव काय, यावर आजही एकमत नाही, आणि पुस्तक इतके जुने असल्यामुळे ते इंटरनेटवर मोफत मिळते. मोफत म्हणूनच मुले आधी तेच उतरवून घेतात. त्यातला बराच भाग जुगारातल्या हातचलाखीचा आहे, भाषा घट्ट आहे आणि ज्याची बोटे आधीच तयार आहेत त्याच्यासाठी ते लिहिलेले आहे. १८७६ चे प्रोफेसर हॉफमन यांचे ‘मॉडर्न मॅजिक’ वाचायला रंजक आहे, पण त्यातला जादूगार शेपटीचा कोट घालतो आणि त्याच्या गुप्त खिशांत वस्तू टाकतो. तुमच्या शर्टाला तो खिसा नाही. हार्लन टारबेल यांचा ‘टारबेल कोर्स’ अनेक खंडांचा आहे आणि तो पुढच्या दहा वर्षांचा विषय आहे. त्याच्याकडून आत्ता फक्त एक गोष्ट घ्यावी. १९२० च्या दशकात तो पुस्तकरूपाने नव्हे, टपालाने एकेक धडा करून विद्यार्थ्यांकडे जाई, त्यामुळे पुढचा धडा येईपर्यंत हातातल्या धड्याशी झटण्यावाचून इलाज नसे. आपल्याकडे सगळी पाने एकदम येतात, म्हणून ही शिस्त स्वतःच लावून घ्यावी लागते.

मराठी पुस्तकांबद्दल मला थोडे कडवट लिहावे लागते. बाजारात मिळणाऱ्या मराठी पुस्तिका मी आवडीने गोळा केल्या आहेत, पण त्यांतल्या बहुतेक माझ्या बारशाच्या पुस्तिकेच्याच जातीच्या आहेत: प्रयोगामागे पाच-सहा ओळी, एक अंधुक चित्र, आणि मधूनच रसायनांचे प्रयोग, ज्यांत आग लावणारी मिश्रणे प्रमाण न देता सांगितलेली असतात. औषधांच्या दुकानात काम करत असल्यामुळे त्यांतली एखादी बाटली तुमच्या हाताशी असेल, म्हणून स्पष्ट सांगतो की रसायनांचा कोणताही प्रयोग पुस्तिकेवरून करू नका. दुसरा एक मराठी प्रवाह आहे तो अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी भोंदूबाबांचे चमत्कार उघड करण्यासाठी लिहिलेल्या साहित्याचा. ते साहित्य महत्त्वाचे आहे, मी स्वतः त्यातून शिकलो आहे, पण त्याचा हेतू आपल्या उलट आहे. तेथे प्रयोग करून लगेच उकल सांगायची असते, म्हणजे कोणी फसू नये; आपल्याला उकल न सांगता, मी देव नाही हे मात्र साफ ठेवून, लोकांची करमणूक करायची असते. त्यामुळे त्या पुस्तकांत गुपित उत्तम समजावलेले असते, आणि ते झाकायचे कसे हे साहजिकच नसते. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणून मनातले ओळखण्याचे प्रयोग शिकाल तेव्हा ‘माझ्या अंगात शक्ती आहे’ असे थट्टेतही म्हणू नका.

विकत घेण्याआधी ग्रंथालयात पाहावे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे आणि इतक्या जुन्या ग्रंथसंग्रहात छंदांच्या कपाटात काय हाती लागेल हे सांगता येत नाही. ज्या ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याची ड्यूई यांची दशांश पद्धत वापरतात तेथे ७९३.८ हा क्रमांक मागावा, तो हातचलाखीच्या जादूचा आहे. नुसते ‘जादूचे पुस्तक’ मागितले तर पुष्कळदा १३३ च्या कपाटाकडे नेतात, आणि तेथे जादूटोणा, भुते आणि भविष्य असते. मी एकदा हातचलाखीच्या शोधात जाऊन वशीकरणावरचे पुस्तक घेऊन घरी आलो होतो, आणि घरात त्याची चौकशी झाली ती वेगळीच.

आता भाषेच्या अडचणीवर माझा उपाय सांगतो. निवडलेला प्रत्येक प्रयोग वहीत स्वतःच्या मराठीत लिहून काढा. डाव्या पानावर हात काय करतात ते, उजव्या पानावर त्याच क्षणी तुम्ही काय बोलता ते. उजवे पान कोरे राहिले तर समजावे की प्रयोग अजून तयार झालेला नाही. पुस्तकांत जादूगाराच्या तोंडी दिलेले संवाद अमेरिकन विनोदाचे आणि जुन्या काळचे असतात, त्यांचे भाषांतर करू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने तसे केले होते, आणि तो रंकाळ्यावर मित्रांना ‘सज्जनहो, हा एक सर्वसामान्य पत्त्यांचा संच आहे’ असे सांगत असे. प्रयोग चांगला होऊनही मंडळी त्या वाक्यालाच हसत. पुढे तो ‘भावा, एक पत्ता काढ, मला दाखवू नको, शेजारच्याला दाखव, न्हाईतर नंतर तूच खोटं बोलशील’ असे बोलू लागला आणि पत्ता पाहणाऱ्या शेजाऱ्याकडे सगळ्यांच्या माना वळू लागल्या. त्याच क्षणी त्याला खालचा पत्ता पाहून घेता येऊ लागला. बोलणे आणि हात यांचा असा मेळ पुस्तकात छापलेला मिळत नाही, पण चांगल्या पुस्तकात त्याची जागा दाखवलेली असते. ही गोष्ट पुढे आणखी खोलात वाचायची असेल, तर हेनिंग नेल्म्स या नाटकवाल्या माणसाचे ‘मॅजिक अँड शोमनशिप’ घ्या. पण आधी दहा वेळा लोकांसमोर फसून घ्या, म्हणजे ते कशाबद्दल लिहीत आहेत ते कळेल.

व्हिडिओ सोडून द्या असे मी म्हणणार नाही. फक्त क्रम बदला. आधी पानावरून हालचाल शिका, चार दिवस करा, मग तीच हालचाल करणारा व्हिडिओ शोधून आपले कुठे चुकते ते तपासा. आधी व्हिडिओ पाहिला तर माणूस त्या जादूगाराच्या हातांची, वेगाची आणि हसण्याचीही नक्कल करतो, आणि मित्रांना नेमके तेच खोटे वाटते. तुम्ही पकडले जाण्याचे एक कारण हे असू शकेल.

दीड हजारांत विल्सन आणि रॉयल रोड यांच्या कागदी बांधणीच्या प्रती बसतात का ते पाहा. बसत नसतील तर आत्ता विल्सन घ्या, आणि रॉयल रोड दिवाळीच्या बोनसवर ठेवा. थोडे पैसे पत्त्यांसाठी राखून ठेवा. पुस्तकांतली चित्रे बहुधा ६३ मिलिमीटर रुंदीच्या कागदी पत्त्यांची असतात. आपल्याकडे घरोघरी असतात ते पुष्कळदा त्याहून अरुंद आणि प्लास्टिकचे असतात, आणि त्यांवर बोटांची जागा चुकते. सारख्याच कंपनीचे, सारख्याच पाठीचे आणि सारख्याच रंगाचे दोन कॅट घ्या. एकातला पत्ता हरवला की दुसऱ्यातून भरता येतो, आणि विल्सनच्या पुस्तकात पुढे असे प्रयोग येतील की ज्यांना एकच पत्ता दोनदा लागतो.